उत्तर देणाऱ्यांची गावं

स्वीडनच्या उत्तर भागात उमेओ नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठाने २०१४ मध्ये एक पीएच.डी. दिली. प्रबंधाच्या नावातच एक साधा प्रश्न होता : एकंदरीत आज तुम्हाला कसं वाटतंय? प्रबंधकार होते डॉ. सिद्धिविनायक हिरवे. ज्यांना हा प्रश्न विचारला ती पन्नाशी ओलांडलेली माणसं होती भीमाकाठची, वढू बुद्रुक आणि आसपासच्या गावांतली. शेतावरून आलेली, सुनेच्या हातचा चहा घेत ओट्यावर बसलेली ही माणसं कुणी तरी विचारतंय म्हणून उत्तर देत गेली, आणि ती उत्तरं उमेओपर्यंत पोचली.

या गावांचा नकाशा डोळ्यांसमोर असलेला बरा. पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा आणि मग भीमेवरचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे पेरण्याच्या हद्दीत जयस्तंभ, पलीकडे कोरेगाव भीमा. पुण्यापासून हे अंतर तीसेक किलोमीटर. कोरेगावातून डावीकडे वळलं की थोड्याच वेळात वढू बुद्रुक येतं. तिथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे आणि तिथेच पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण रुग्णालय आणि संशोधन केंद्रही आहे. सरळ पुढे गेलं तर सणसवाडीचे कारखाने, शिक्रापूर आणि रांजणगावची एमआयडीसी. सकाळी हा रस्ता कंपन्यांच्या बसगाड्यांनी भरलेला असतो, आणि उरलेल्या शेतांत ऊस उभा असतो.

केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी रुग्णालयाचं काम १९७०च्या दशकात शहराबाहेर वढूला नेलं. रुग्णालयाच्या दाराशी पोचेपर्यंत बाई आणि बाळ दोघंही हातचे जातात, हे त्यांनी प्रसूतिगृहात वर्षानुवर्षं पाहिलं होतं. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती द्यायचं, हा त्यांचा मार्ग. १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे वढूच्या कामाचा मोठा वाटा होता. पुढे २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची कायमची नोंद ठेवण्याचं काम तिथे सुरू झालं. जन्म, मृत्यू, लग्न, कोण गावात आलं, कोण गाव सोडून गेलं याची घरोघर जाऊन नोंद होते, काही महिन्यांनी पुन्हा होते, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. जनगणना दहा वर्षांनी येते. ही नोंद थांबतच नाही. आज त्यात लाखाहून जास्त माणसं आहेत.

असा नोंदपट हाती असला की किती काही करता येतं! विजेंद्र इंगोले यांनी याच गावांतल्या मृत्यूंच्या तारखा आणि त्या-त्या दिवसाचं तापमान शेजारी ठेवून उमेओलाच २०१६ मध्ये पीएच.डी. केली. अतिउष्ण दिवसांत मृत्यू वाढतात, आणि कामाच्या वयाच्या पुरुषांना त्याचा जास्त फटका बसतो, असं त्यात दिसलं. उन्हात राबणारा माणूस हा निष्कर्ष ऐकून म्हणेल, हे मला ठाऊक होतं. पण त्याला ठाऊक असणं सरकारी कागदावर चढत नाही. प्रबंध चढतो.

हिरव्यांचा प्रश्न याहून अवघड होता, कारण तो थर्मामीटरने मोजता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वाढत्या वयाच्या माणसांच्या आरोग्याचा 'सेज' नावाचा अभ्यास काही देशांत केला. त्याची छोटी प्रश्नावली वढूच्या गावांतही फिरली. चालताना त्रास होतो का, झोप लागते का, अंगात उत्साह वाटतो का, मन उदास असतं का, काळजी लागून राहते का असे प्रश्न त्यात होते. उत्तरांत सरळ उतरंड दिसली. बायका पुरुषांपेक्षा आपली तब्येत वाईट सांगत होत्या, आणि शिक्षण व पैसा कमी असलेले आपलं बरं चाललंय असं कमी वेळा सांगत होते. पुढे नोंदपटावरून कोण जगलं, कोण गेलं हे पाहिलं, तेव्हा तब्येत वाईट आहे म्हणणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले. म्हणजे ओट्यावरच्या म्हातारीने दिलेलं उत्तर गप्पा मारता मारता सहज दिलेलं नव्हतं. ती खरं सांगत होती.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा, ते नीट लिहून घ्यायचं आणि पुढची अनेक वर्षं त्याच्या मागे राहायचं. जगातल्या विद्यापीठांत 'ग्लोबल मेंटल हेल्थ', म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य, या नावाने आज जो पदव्युत्तर विषय शिकवला जातो, त्याचा पाया याहून वेगळा नाही.

या विषयाला स्वतःचं नाव मिळून फार वर्षं झालेली नाहीत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये मानसिक आरोग्यावर एक लेखमाला काढली. गरीब देशांत मनाच्या आजारांवर उपचार जवळजवळ मिळतच नाहीत आणि हे बदलता येतं, असा तिचा रोख होता. त्यामागच्या प्रमुख नावांपैकी एक विक्रम पटेल. ते मुंबईचे, ऑक्सफर्डला शिकले, झिंबाब्वेत हरारेला संशोधन केलं आणि १९९६ मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी करण्यात सहभागी झाले. लंडनचं 'स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन' आणि किंग्ज कॉलेज यांनी मिळून जागतिक मानसिक आरोग्याचं केंद्र काढलं आणि एम.एस्सी. सुरू केली. ग्लासगोतही असा अभ्यासक्रम आहे. डॉक्टर, मानसशास्त्राचे विद्यार्थी, समाजकार्य केलेले, क्वचित कायद्याचे पदवीधरही तिथे एकाच वर्गात बसतात.

शिकवतात काय? मानसोपचार देणारा डॉक्टर घडवणं हा हेतू नसतो. एखाद्या तालुक्यात नैराश्याची किती माणसं असतील याचा अंदाज कसा काढायचा, उपचार गावापर्यंत कसा न्यायचा, तो उपयोगी पडला की नाही हे कसं तपासायचं, कायदा काय म्हणतो, आणि एका संस्कृतीत तयार झालेली प्रश्नावली दुसरीकडे वापरताना काय घोटाळे होतात, असं सगळं त्यात येतं. शेवटी प्रबंधिका लिहायची असते. जगभरातून आलेले विद्यार्थी तेव्हा आपापल्या मुलखातला एखादा प्रश्न उचलतात.

या विषयाचा सर्वांत गाजलेला उपाय म्हणजे तज्ज्ञांचं काम वाटून घेणं. मानसोपचारतज्ज्ञ थोडे, आजारी माणसं पुष्कळ. मग गावातल्याच साध्या माणसाला ऐकायला, समजून घ्यायला आणि ठरावीक पायऱ्यांचा सल्ला द्यायला शिकवायचं. गोव्यात 'मानस' या प्रयोगात २४ दवाखान्यांत हे करून पाहिलं. सरकारी दवाखान्यांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जिथे नेहमीचीच पद्धत होती तिथे हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होतं. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवून आज्यांना हे काम शिकवलं. त्या बाकाची कीर्ती जगभर झाली.

पण हे शहाणपण लंडनमध्ये जन्मलेलं नाही, हे मराठी वाचकाने ठणकावून सांगायला हवं. कोरेगाव भीमावरून जाणारा हाच रस्ता पुढे नगरला जातो, आणि नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, दलित, परित्यक्ता बायकांना आरोग्यसेविका केलं. वढूला कोयाजींनी तेच केलं. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बाईच्या हाती नवजात बाळाचा जीव सोपवला, आणि 'लॅन्सेट'ने १९९९ मध्ये त्याचे आकडे छापले. मनाच्या आजारांसाठी हाच मार्ग घेतला गेला तो नंतर. लंडनच्या वर्गात शिकणाऱ्या मराठी मुलीला हा इतिहास माहीत असेल, तर ती तिथे काही मागायला आलेली नसते. तिच्या हातातही काही असतं.

महाराष्ट्रात हे प्रयोग झाले आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला तो भाग. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के माणसं कुठल्या तरी उपचारापर्यंत पोचत होती. प्रकल्पानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झालं. अजून जवळजवळ तीन-चतुर्थांश माणसं बाहेरच होती, हेही त्याच आकड्यात आहे. पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' सुरू केली. गावातलेच स्वयंसेवक दुःखी माणूस ओळखतात, त्याच्याशी बोलतात, फोनवर छोट्या फिल्म दाखवतात, आणि ज्याला रोजगार हमीचं काम किंवा विधवा निवृत्तिवेतन मिळत नाही त्याला ते मिळवून देण्याच्या खटपटीतही पडतात. मला हा शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. रेशनकार्डात नाव नसल्याने रात्र रात्र जागणाऱ्या बाईला श्वासाचे व्यायाम शिकवून भागत नाही.

याच केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर २००८ पासून मानसिक आरोग्य, कायदा आणि मानवी हक्क यांवर आंतरराष्ट्रीय पदविका चालवली. ज्यांना परदेशी जाणं जमत नाही त्यांच्यासाठी घराजवळ असं दार उघडं असणं ही पुण्याची मोठी गोष्ट. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे. गोव्यात संगाथचे अभ्यासवर्ग झाले. पुण्यात सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण सावित्रीबाई फुले विद्यापीठातही मिळतं.

देशाच्या चित्राबद्दल थोडं सांगून पुढे जातो. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला तरी मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपल्या राज्याचा म्हणून हा आकडा भाषणांत सांगितला जातो, तेव्हा तो दुसऱ्यांच्या गावांतून आलेला असतो. २२ गावांचा इतका बारीक नोंदपट हाताशी असलेल्या जिल्ह्यात तरी हे चालवून घेऊ नये.

आता अवघड भागाकडे येतो. परदेशात तयार झालेल्या प्रश्नावलीत नैराश्य म्हणजे उदासी, रस न वाटणं, रडू येणं. आपल्याकडे माणूस डॉक्टरांकडे जातो तो अंगात ताकद नाही म्हणून, हातपाय गळाल्यासारखे झालेत म्हणून, डोकं धरलंय म्हणून. पुण्यातल्या केईएमचे डॉ. वासुदेव परळीकर यांनी डॉ. मोहन आगाशे आणि बाझलचे मिचेल वाइस यांच्याबरोबर नेमका याचा अभ्यास केला. मानसोपचार, मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांत अशक्तपणा आणि थकव्याची तक्रार घेऊन आलेल्यांना त्यांनी विचारलं : तुम्हाला हे कशामुळे झालंय असं वाटतं? एकाच तक्रारीची माणसं चार वेगळ्या दारांत का उभी राहतात, हे त्यातून कळत गेलं. रुग्णाने स्वतः दिलेल्या कारणाला इथे निदानाइतकंच महत्त्व होतं. परदेशी अभ्यासक्रमात संस्कृती आणि मन यांवरचं व्याख्यान असतंच. त्याची जिवंत उदाहरणं रास्ता पेठेतल्या रुग्णालयात लिहिली गेली आहेत.

कोरेगाव भीमाचं नाव घेतल्यावर वाचकाच्या मनात पहिल्यांदा काय येतं, हे मला माहीत आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जयस्तंभाला दिलेली भेट, दरवर्षी तिथे अभिवादनाला येणारे लाखो लोक, आणि १ जानेवारी २०१८ चा हिंसाचार. त्या दिवशी एका तरुणाचा जीव गेला, घरं आणि दुकानं जळली, न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला गेला. आयोग घटनाक्रम तपासतो. कुणाची झोप गेली, कुणाच्या लेकराने शाळेत बोलणं बंद केलं, कोण कुणाच्या दुकानात जाईनासं झालं, हे तपासायला आयोग नसतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर डॉ. आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनावरच्या परिणामांचं काम केलं, तेव्हा सगळ्यांना ते योग्य वाटलं. भूकंपाला जात नसते. दंगलीनंतर हाच प्रश्न विचारायला धैर्य लागतं, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन विचारायला त्याहून जास्त.

मनाचं दुःख जातीप्रमाणे वाटलं जातं का? याचं उत्तर त्याच सेज अभ्यासाच्या देशपातळीवरच्या आकड्यांतून आशिष गुप्ता आणि डायन कॉफी यांनी २०२० मध्ये दिलं. सहा राज्यांची माहिती होती, महाराष्ट्र त्यांत होता. अनुसूचित जातींच्या आणि मुस्लिम माणसांनी आपल्या मनाची अवस्था उच्च जातीच्या हिंदूंपेक्षा वाईट सांगितली. शिक्षण आणि संपत्ती सारखी धरूनही हा फरक पुरता गेला नाही. याचा अर्थ नोकरी लागली, स्लॅबचं घर झालं, तरी काही तरी उरतं. काय उरतं, हे आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी माणसाजवळ बसावं लागतं, आणि ज्याच्याजवळ बसायचं त्याला बसणाऱ्याचा भरवसा वाटावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं की हा विषय शिकायला याच २२ गावांतली, याच तालुक्यांतली मुलंमुली निघायला हवीत. आजवर या गावांनी उत्तरं दिली. आता इथूनच प्रश्न विचारणारे तयार व्हावेत. सणसवाडीच्या कंपनीत कंत्राटावर बारा तास उभं राहणाऱ्याची बहीण, जमीन विकून आलेल्या पैशाने घर बांधलेल्या आणि आता दिवसभर काय करायचं हे न कळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, बिहारहून आलेल्या कामगाराला खोली भाड्याने देणाऱ्या घरातली सून. यांना कुठे काय विचारायचं हे आधीपासून माहीत आहे. त्यांच्याकडे पद्धत नाही, आणि पद्धत शिकता येते.

बाबासाहेबांनी नेमकं हेच केलं होतं. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचविशीतले पदव्युत्तर विद्यार्थी होते. आपल्या गावाने दिलेला प्रश्न त्यांनी न्यूयॉर्कला नेला आणि तिथल्या पद्धतीने तपासला. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती त्यामागे होती.

आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळू शकते. केंद्राचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. पण २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास असे विषय त्यातून वगळले. पेरण्याच्या एखाद्या मुलीला जात आणि नैराश्य यांवर एडिंबरा किंवा लंडनमध्ये संशोधन करायचं असेल, तर तिचा विषय आरोग्यात बसतो की समाजशास्त्रात, यावर तिचं भवितव्य ठरावं, हे मला अन्यायाचं वाटतं. ज्या मुलांच्या घरात परदेशी विद्यापीठाचा अर्ज कधी कुणी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या राजू केंद्रे यांची 'एकलव्य' संस्था काम करते आहे. अशा संस्था तालुक्या-तालुक्यात लागतील.

आणि प्रश्न विचारणाऱ्यावर काही बंधनंही असावीत. मन कसं आहे हे विचारलं की माणूस कधी कधी खरंच सांगतो. सांगताना रडतो. जगण्यात अर्थ वाटत नाही असंही म्हणतो. त्या क्षणी प्रश्नावलीचं पुढचं पान उलटून चालत नाही. वढूच्या कामाचा मोठेपणा असा की तिथे नोंदवही नंतर आली, दवाखाना आधी होता. मनाच्या अभ्यासातही हाच क्रम असावा. विद्यार्थी गावात येण्याआधी शिरूरच्या किंवा शिक्रापूरच्या सरकारी दवाखान्यात कोणत्या वारी कोण भेटेल, हे ठरलेलं असावं. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो आशाताईच्या वहीत आणि कंपनीच्या कँटीनच्या भिंतीवर लिहिलेला असावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी यंत्रणेत उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला आहे, हेही त्या विद्यार्थ्याने गावात सांगावं. येरवड्याचं अडीच हजार खाटांचं मनोरुग्णालय याच तालुक्यांच्या वाटेवर आहे. त्याच्या भिंतीची धास्ती अजून गेलेली नाही. त्या भिंतीपर्यंत जायची वेळ येण्याआधी बरंच काही करता येतं, हे घरोघर पोचायला हवं.

शेवटची मागणी विद्यापीठांकडे. प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, बांधला जातो, ग्रंथालयात जातो. ज्यांनी उत्तरं दिली त्यांना तो कधी दिसत नाही. वढूच्या पट्ट्यात मनावर जो कुणी यापुढे एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करील, त्याने दहा-बारा पानांचं मराठी टिपण करावं, कुणाचंही नाव ओळखू येणार नाही असं, आणि पदवी हाती पडण्याआधी ते ग्रामसभेत स्वतः उभं राहून वाचावं. लोक प्रश्न विचारतील, काही निष्कर्ष खोडतील, ते टिपणाला जोडावं. कोरेगाव भीमाला, वढूला, पेरण्याला, सगळीकडे ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. यातली कोणतीही तारीख चालेल.